चेरी फुलते भरभरून, पण फळ टिकत नाही

अंगणवेल
घरामागच्या बागेत गोड चेरीचं एकच झाड आहे. कलमी रोप लावलं होतं, त्यावर 'बिंग' अशी चिठ्ठी होती. आता ते छान डेरेदार झालंय आणि दर वसंतात असं फुलतं की फांदीची साल दिसू नये. पाकळ्या झडल्या की प्रत्येक देठाला हिरवा मणी दिसतो. तो जरा फुगतो, मग पिवळा पडतो आणि पाहता पाहता बहुतेक सगळे मणी देठासकट जमिनीवर येतात. पिकून हाती लागतात ती फळं बोटांवर मोजण्याइतकी.

खतपाणी वेळेवर असतं. जमीन भारी, पाणी धरून ठेवणारी. खोडावर एका जागी पिवळसर डिंक येतो. कोवळ्या शेंड्यांची पानं गुंडाळली जातात आणि आत बारीक काळे किडे असतात. एक जण म्हणाले, "हिवाळ्यात निम्मं झाड उतरवा, जोमानं फळेल." करवत हातात घेण्याआधी इथल्या अनुभवी मंडळींना विचारावंसं वाटलं. या झाडावर माझा फार जीव आहे, तेव्हा जे करायचं ते समजून करायचंय.

कलमकाडी
करवत तूर्त बाजूला ठेवा, हिवाळ्यात छाटणी नकोच. छाटणीचं नंतर बोलू, आधी फळगळ.

तुम्ही केलेल्या वर्णनातच उत्तर आहे. पाकळ्या झडल्यावर दिसणारा मणी म्हणजे धरलेलं फळ नव्हे, ते फुलाचं अंडाशय. परागकण पोचून आत बी धरली तरच ते पुढे वाढतं. नाहीतर थोडं फुगून पिवळं पडतं आणि गळतं. पुढच्या बहरात गळलेले चार मणी उभे चिरून पाहा. आतली बी सुकलेली, आकसलेली असेल तर फलन झालंच नाही असं समजा. अशा वेळी कितीही खत घातलं तरी उपयोग नाही.

बिंग हा वाण स्वतःच्या परागावर फळत नाही. आसपास दुसरी चेरी आहे का, आणि ती त्याच सुमारास फुलते का?

अंगणवेल
कुंपणापलीकडे शोभेची जपानी चेरी आहे, गडद गुलाबी, गच्च पाकळ्यांची. ती माझ्या झाडाच्या मागोमाग फुलते. तिचा उपयोग होत नसेल का?

कलमकाडी
नाही होणार. ती बहुधा कांझान नावाची शोभेची जात असेल. त्या दुहेरी फुलांमध्ये पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, परागच उरत नाही. शिवाय ती जातकुळी वेगळी. आपली गोड चेरी प्रूनस एव्हियम. जवळपास कुठे जंगली एव्हियम असेल आणि एकाच वेळी फुलत असेल तर मात्र ती कामाची.

आता जरा खोलात जातो, कारण इथेच बहुतेकांचे पैसे आणि वर्षं वाया जातात. 'दुसरी कुठलीही चेरी लावा' हा सल्ला अर्धवट आहे. गोड चेरीच्या प्रत्येक वाणात परागाची ओळख ठरवणाऱ्या जनुकाचे दोन प्रकार असतात, त्यांना एस-१, एस-२, एस-३ असे क्रमांक दिलेले आहेत. परागकणावर यातला एकच क्रमांक असतो. तो क्रमांक ज्या फुलावर पराग पडला त्या फुलातही असेल, तर परागातून फुटणारी नळी बीपर्यंत पोचण्याआधी, फुलाच्या स्त्रीकेसराच्या दांड्यातच (कुक्षीवृंतात) अडवली जाते. बिंग एस-३ एस-४ आहे. लॅम्बर्टही तीच, नेपोलियनही तीच. म्हणजे ही तिन्ही झाडं शेजारी शेजारी लावली, तिन्ही एकदम फुलली, मधमाश्यांची गर्दी झाली, तरी एकमेकांना फळवणार नाहीत! फळाचा रंग पाहून हे कळत नाही. नेपोलियन पिवळी-गुलाबी आणि बिंग काळपट लाल, पण जनुकं तीच.

बिंगसाठी ब्लॅक टार्टेरियन चालते. व्हॅन आणि रेनियर यांचा एक क्रमांक बिंगशी जुळतो, त्यामुळे त्यांचा निम्मा पराग अडतो, पण उरलेला निम्मा भरपूर होतो. आणि सगळ्यात निर्धास्त म्हणजे स्टेला. इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत क्ष-किरण दिलेल्या परागातून अशी रोपं मिळाली की ज्यांचा एस-४ पराग कुठल्याच फुलात अडवला जात नाही. त्या वंशातून कॅनडातल्या समरलँडच्या संशोधन केंद्रानं 1968 मध्ये स्टेला आणली, स्वतःच्या परागावर फळणारा व्यापारी लागवडीतला पहिला गोड वाण. लॅपिन्स आणि स्वीटहार्ट तिच्याच पुढच्या पिढ्या. यातलं कुठलंही झाड एकटं फळतं आणि त्याच सुमारास फुलणाऱ्या इतरांनाही फळवतं.

बागेत एकाच झाडाला जागा असेल तर यांतलंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. तुमचं बिंग आधीच उभं आहे, म्हणून उपाय वेगळा: दुसरं झाड लावा, किंवा याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या वाणाचं कलम करा.

मधुरव
कलमकाडी यांच्याशी सहमत. फक्त माश्यांची बाजू जोडतो, मी मधमाश्या पाळतो म्हणून.

चेरी फार लवकर फुलते आणि फूल पराग स्वीकारतं ते फार थोडे दिवस. नेमकी त्याच दिवसांत हवा गार, ढगाळ किंवा पावसाळी असली तर मधमाशी पोळ्यातून निघतच नाही. तिला साधारण 12-13 अंशांच्या पुढे ऊब लागते. भुंगे त्याहून गारठ्यात काम करतात. बांबूच्या पोकळ नळ्यांत घर करणाऱ्या एकांड्या माश्यासुद्धा चेरीवर फार मनापासून राबतात. त्यांच्यासाठी नळ्यांची जुडी सकाळचं ऊन लागेल अशी टांगा. बहरात कुठलंही कीटकनाशक फवारू नका, 'सौम्य' म्हणून मिळणारंसुद्धा.

यंदापुरता उपाय: बहराच्या वेळी कुणाकडून जुळणाऱ्या वाणाच्या फुललेल्या फांद्या मिळाल्या, तर बादलीभर पाण्यात उभ्या करून झाडाला टेकवून ठेवा. जुने बागायतदार हे करत आले आहेत. पाणी रोज बदला, फुलं ताजी राहिली पाहिजेत.

बहरातल्या रात्रींकडेही लक्ष ठेवा. कळी घट्ट असते तेव्हा थंडी सोसते. पूर्ण उमललेलं फूल उणे 2 अंशांच्या आसपास करपायला लागतं आणि उणे 4 ला जवळपास सगळा बहर जातो. दुसऱ्या दिवशी फूल बाहेरून पांढरंशुभ्रच दिसतं, म्हणून लक्षात येत नाही. मधला स्त्रीकेसर काळा पडलाय का ते बघायचं. झाड लहान असेल तर रात्री पातळ कापड टाकून सकाळी काढता येतं, आणि काढायलाच हवं, नाहीतर माश्या फुलापर्यंत पोचणार कशा?

शेतमळा
हिवाळ्यात छाटणी नको असं का म्हणताय? सफरचंद, नाशपाती, द्राक्ष सगळं आपण झाड झोपेत असतानाच छाटतो. पानं नसताना सांगाडा नीट दिसतो, कापही नेमका घेता येतो.

कलमकाडी
प्रश्न रास्त आहे. सफरचंदाला ते चालतं, चेरीला धोक्याचं. गारठ्यात आणि ओलीत चेरीचा काप लवकर भरून येत नाही, आणि त्याच काळात तिचे दोन मोठे शत्रू फिरत असतात. एक स्यूडोमोनास सिरिंगे हा जिवाणू, कँकर म्हणजे साल कुजून खचण्याचा रोग करणारा. दुसरी रुपेरी पानाची बुरशी. तिचे बीजाणू ओल्या हवेत उडतात आणि ताज्या कापातून थेट लाकडात शिरतात. नंतर पानांवर शिशासारखी झाक येते, फांदी कापली तर आत तपकिरी डाग दिसतो, आणि एकेक फांदी वाळत जाते. लाकडात गेलेल्या बुरशीवर फवारणीचा इलाज नाही, डाग संपून निरोगी लाकूड लागेल तिथपर्यंत मागे कापणं एवढंच हाती राहतं.

म्हणून मोठ्या झाडाची छाटणी फळं उतरल्यानंतर, ऐन उन्हाळी पानांत, कोरड्या दिवशी. पुढचे काही दिवस पाऊस नसेल असा मुहूर्त बघून. तेव्हा जखम वेगानं भरते आणि झाड उगाच लांब फोक फेकत नाही. ज्या प्रदेशात हिवाळा अगदी कोरडा असतो तिथले बागायतदार झोपेच्या शेवटी छाटतात, हेही खरं. पण भारी, ओल्या जमिनीत उभ्या असलेल्या आणि खोडावर डिंक आलेल्या झाडाला तो धोका पत्करायला मी सांगणार नाही.

आणि 'निम्मं उतरवा' तर कुठल्याच ऋतूत नाही. गोड चेरी फळते ती जुन्या लाकडावरच्या आखूड, गाठीदार फळफांद्यांवर, ज्यांना स्पर म्हणतात. एकेक स्पर दहाएक वर्षं फळ देतो. सरसकट छाटणी केली की तेच कापले जातात, आणि झाड त्या धक्क्यानं सरळसोट पानफांद्या वाढवत बसतं. मेलेलं, रोगट, एकमेकांवर घासणारं आणि मधला उजेड अडवणारं एवढंच काढा. फांदीच्या बुडाशी जो जाडसर कडा असतो त्याच्या बाहेरून काप घ्या, खुंटी ठेवू नका आणि खोडाला घासूनही कापू नका.

आंबट चेरीचा हिशेब याच्या उलट. मोरेलोसारखी झाडं गेल्या वर्षीच्या कोवळ्या लाकडावर फळतात, तिथे फळ देऊन झालेल्या काही फांद्या दरवर्षी मागे छाटून नवी फूट मिळवावी लागते. हा फरक माहीत नसल्यामुळे चांगल्या चांगल्या झाडांचं नुकसान होताना पाहिलंय.

शेतमळा
पटलं. स्परचं एवढं बारकाईनं माहीत नव्हतं. लहान रोपाचं काय? आकार द्यायचा तर छाटावं लागणारच.

कलमकाडी
लहान रोपाला आकार द्यायचा तो कळ्या फुटू लागल्यावर, झाड जागं झाल्यावर. मधला शेंडा मारून चार-पाच फांद्या चहूबाजूंनी येऊ द्या. चेरीच्या फांद्या खोडाला चिकटून वर जातात आणि असं अरुंद बेचकं पुढे फळांच्या ओझ्यानं चिरतं. त्यावर सोपा इलाज आहे. कोवळी फूट बोटभर लांब असतानाच तिच्या वर खोडाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा, फूट आपोआप आडवी होते. लाकूड पक्कं झाल्यावर चिमटा काढायचा. पुढची कितीतरी छाटणी वाचते.

मुळाक्षर
अंगणवेल ताई, सगळे फुलाफळांवर बोलताहेत, मला मात्र तुमच्या जमिनीची काळजी वाटते. 'भारी, पाणी धरून ठेवणारी' हे वाचून थबकले.

चेरीच्या मुळांना पाणी साचलेलं अजिबात सोसत नाही, इतर कितीतरी फळझाडांपेक्षा कमी. वाढीच्या दिवसांत मुळं काही दिवस बुडून राहिली तरी गुदमरतात आणि मग मूळकूज लागते. झाड वरून तहानलेलं दिसतं, माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड जातं. पानांच्या घेराबाहेर हातभर खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरा. एकदा जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर निचरा वाईट आहे.

उभ्या झाडाखाली खोल खणू नका, मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. घेराच्या बाहेरून उताराच्या दिशेनं चर काढा. खोडाभोवती आळं करून त्यात पाणी सोडत असाल तर ते बंद करा. पाणी पानांच्या घेराखाली, दोन पाण्यांमध्ये वरची माती जरा सुकू देऊन द्या. कलमाचा जोड मातीच्या वर आहे ना, तेही तपासा. पालापाचोळ्याचं आच्छादन जरूर करा, पण खोडापासून वीतभर दूर. नवं झाड लावणार असाल तर ते वरंब्यावर लावा.

खताचा हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते, तिच्यावर मावा तुटून पडतो आणि तीच रोगाला बळी पडते. वसंताच्या सुरुवातीला कुजलेलं कंपोस्ट पुष्कळ झालं. मातीचा सामू (पीएच) 6 ते 7 च्या दरम्यान असला की चेरी खूष.

डिंकाविषयी. डिंक हा स्वतः रोग नाही, झाड दुखावलंय एवढंच तो सांगतो. खरचटलं, मुळं गुदमरली, कीड शिरली, तरी डिंक येतो. कोरड्या दिवशी स्वच्छ चाकूनं तिथली वरची साल अगदी हलकी खरवडा. खाली हिरवट-पांढरं, ओलसर दिसलं तर सोडून द्या, निचरा सुधारा. तपकिरी, खचलेलं, आंबूस वास येणारं दिसलं तर कँकर असू शकतो. त्याच्या जोडीला पानांवर छर्रे मारल्यासारखी गोल भोकं पडतात. फांदीवर असेल तर उन्हाळ्यात निरोगी लाकडापर्यंत कापून टाका आणि दर कापानंतर करवत स्पिरिटनं पुसा.

गच्चीवरची
धागा वाचतेय, फार उपयोगी माहिती. माझ्याकडे जमीनच नाही, फक्त गच्ची. आणि हवा उबदार. मोठ्या कुंडीत गोड चेरी येईल का?

मुळाक्षर
कुंडीचं उत्तर सोपं, हवेचं अवघड.

कुंडीसाठी खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात तो, ठेंगणा हवा. जर्मनीतल्या गीसेनमध्ये तयार झालेल्या गिसेला-5 या खुंटावरचं झाड तीनेक मीटरच्या आत राहतं आणि लवकर फळतं. कोल्ट या खुंटावरचं त्याहून मोठं होतं, आणि बियाण्याच्या जंगली खुंटावरचं झाड दोन मजली घरालाही मागे टाकतं. म्हणून विकत घेताना वाणाइतकंच खुंटाचं नाव विचारा. अर्धा मीटर तोंडाची कुंडी, तळाला मोकळी भोकं, आणि उन्हाळ्यात जवळपास रोज पाणी.

पण थंडीला पर्याय नाही. चेरीला हिवाळ्यात झोप लागते ती गारठ्यानं, आणि ठरावीक गारठा मिळाल्याशिवाय ती नीट उठत नाही. गोड चेरीच्या बऱ्याच वाणांना सुमारे 7 अंशांखालचे 800 ते 1200 तास लागतात. ते नाही मिळाले तर कळ्या मागेपुढे, तुरळक उमलतात, फळ धरत नाही, झाड वर्षावर्षानं खंगत जातं. मिनी रॉयल आणि रॉयल ली ही जोडी कमी थंडीवर भागवते, आणि दोघी एकमेकींना फळवतात म्हणून दोन्ही घ्याव्या लागतात. पण त्यांनाही थंडी लागतेच. ज्या गावात हिवाळ्यात स्वेटर काढावा लागत नाही तिथे खऱ्या चेरीचा हट्ट धरून झाडाचे हाल करू नयेत, असं मला मनापासून वाटतं. रोपवाटिकेत 'चेरी' म्हणून बार्बाडोस चेरी किंवा सिंगापूर चेरीही मिळते. ती वेगळ्या कुळांतली झाडं, उष्ण हवेत आनंदानं फळतात. गच्चीवर बार्बाडोस चेरी जरूर लावा.

गच्चीवरची
मनापासून आभार. मग बार्बाडोस चेरीच. बाकी, खाल्लेल्या चेरीची बी रुजवली तर?

कलमकाडी
रुजते, पण ओलसर वाळूत घालून तीनेक महिने फ्रिजच्या थंडीत ठेवावी लागते. रोप आईसारखं निघत नाही आणि फळायला बरीच वर्षं घेतं. खुंट म्हणून वाढवायला छान. जाता जाता एक सावधगिरी: बी फोडून आतला गर खाऊ नये, त्यातून सायनाइड तयार होतं. कोमेजलेला पालाही शेळ्या-गुरांपुढे टाकू नये, त्याच कारणानं.

हिरवी पायवाट
गुंडाळलेल्या पानांतला तो काळा मावा चेरीचाच खास मावा आहे. कळ्यांच्या बेचक्यात त्याची अंडी हिवाळा काढतात आणि पान फुटताना पिल्लं बाहेर पडतात. पान एकदा गुंडाळलं की फवारा आत पोचतच नाही, त्यामुळे जे काही करायचं ते कळी फुटतानाच, रोज नजर टाकून, बोटांनी चिरडून किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर चिकटपट्टी गुंडाळा. मावा जो गोड चिकटा सोडतो त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. ऐन उन्हाळ्यात हा मावा स्वतःहून दुसऱ्या तणांवर निघून जातो. मोठ्या झाडाचं त्यानं फार बिघडत नाही, लहान रोपाची वाढ मात्र खुंटते.

फळ धरू लागेल तेव्हा पुढच्या गोष्टी लागतील, म्हणून आत्ताच लिहिते. फळाला रंग चढायच्या आधी जाळी. फांद्यांवर नुसती टाकू नका, पक्षी तिच्यात अडकून मरतात; चौकट उभारून ताणून बांधा आणि खालून बंद करा. टिपक्यांच्या पंखांची फळमाशी, ड्रॉसोफिला सुझुकी, तुमच्या भागात असेल तर जाळीचं भोक एक मिलिमीटरपेक्षा बारीक हवं. साधी फळमाशी सडक्या फळावर बसते, ही मात्र करवतीसारख्या अवयवानं पिकत्या, धडधाकट फळाची साल कापून आत अंडी घालते. बारीक जाळी बहर पूर्ण संपल्यावरच लावायची. पडलेली फळं रोज उचला. झाडावर सुकून लटकणारी फळं तर ठेवूच नका, तपकिरी सडीची बुरशी त्यांतच हिवाळा काढते.

पिकता पिकता पाऊस आला की साल तडकते, कारण फळ सालीतूनही पाणी पितं. लहान झाडावर तेवढ्यापुरतं प्लॅस्टिकचं छप्पर धरता येतं. आणि चेरी तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखी आढी लावता येत नाही. झाडावरच पूर्ण रंग आणि गोडी येऊ द्या, एक चाखून बघा, मग देठ धरून तोडा. फळ ओढलं तर शेजारचा स्पर तुटतो आणि पुढच्या वर्षीच्या कळ्याही त्याच्याबरोबर जातात.

अंगणवेल
तुम्ही सगळ्यांनी इतक्या आत्मीयतेनं लिहिलंत, भरून आलं. डिंकाच्या जागी खरवडून पाहिलं, खाली हिरवट-पांढरंच आहे. आळं मोडलंय, चराचं काम सुरू करते. छाटणी फळानंतरच. दुसऱ्या झाडाला जागा नाही, म्हणून याच झाडावर स्टेलाचं कलम करायचं ठरवलंय. ते कसं आणि कधी करू?

कलमकाडी
उत्तम. डोळकाड्या, म्हणजे कलमासाठीच्या काड्या, स्टेलाच्या निरोगी झाडावरून पूर्ण झोपेत घ्या, गेल्या वर्षीच्या पेन्सिलीएवढ्या जाड फुटीच्या. पानकळ्या टोकदार आणि फुलकळ्या गोलसर असतात, काडीवर दोन-तीन टोकदार कळ्या हव्यात. ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, पण सफरचंदांच्या शेजारी नको. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं कळ्या मरतात.

वसंतात तुमच्या झाडाच्या कळ्या फुगू लागल्या, काडी मात्र अजून झोपलेली आहे, अशा वेळी कोरड्या दिवशी पाचर कलम करा, म्हणजे काडीचं बूड पाचरीसारखं तासून फांदीच्या चिरेत बसवा. काडीच्याच जाडीची, झाडाच्या वरच्या, उन्हातल्या बाजूची फांदी निवडा. दोन्हींची साल निदान एका बाजूनं तंतोतंत जुळली पाहिजे, सगळं यश त्यावर आहे. पट्टी घट्ट बांधा, काडीचं टोक मेणानं बंद करा. कलमाच्या खालून येणारी फूट खुडत राहा. नाही लागलं तर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्याच फांदीवर डोळा भरता येतो (एकाच कळीचं कलम), वर्ष वाया जात नाही. एकाऐवजी दोन-तीन फांद्यांवर केलंत तर अधिक चांगलं.

पहिला बहर यायला दोन-तीन वर्षं लागतील, तोवर मधुरव यांची बादली आहेच. कलमाच्या फांदीवर न पुसणारी धातूची पट्टी सैल बांधा, आणि घरात जो कुणी छाटणी करेल त्याला ती फांदी दाखवून ठेवा.